खंड पडणार, हे धरूनच

मराठी घरात ‘नेहमीसारखे’ दिवस वर्षातून किती येतात? जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. श्रावणात उपासतापास आणि सणवार, मग गणपती, मग नवरात्र, दिवाळीत पाहुणे. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. फेब्रुवारीत कुणाची तरी दहावी-बारावी, मार्चअखेरीला ऑफिसात रात्रीचे नऊ, एप्रिल-मेमध्ये ऊन आणि गावाकडच्या फेऱ्या. मध्येच कधीतरी सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा घरातल्या सगळ्यांना आळीपाळीने आलेला ताप. हे सगळं वजा केल्यावर जे मोजके आठवडे उरतात, आपले व्यायामाचे बेत त्या आठवड्यांसाठी आखलेले असतात. पहाटे साडेपाचला उठायचं, पाऊण तास चालायचं, मग सूर्यनमस्कार, मग प्राणायाम. पंचेचाळीस ते सत्तर वयातल्या, घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या माणसाचा असा बेत पहिल्या अडचणीला मोडतो. मोडला की तो स्वतःला आळशी म्हणतो आणि पुढच्या एक जानेवारीपर्यंत थांबतो.

मला वाटतं, आळशी ठरवायचंच तर त्या बेताला ठरवावं. बेत आखताना खंड पडणारच, हे धरलेलंच नव्हतं. या वयात व्यायाम किती केला यापेक्षा खंड पडल्यावर किती लवकर परत येता आलं, हे जास्त महत्त्वाचं आहे. आणि परत येणं सोपं की अवघड, हे माणसाच्या जिद्दीपेक्षा त्याच्या घरावर, गल्लीवर आणि गावावर जास्त अवलंबून असतं. म्हणूनच हा विषय एकेकट्याच्या शिस्तीचा म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

२०२४ साली ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जगभरच्या शारीरिक हालचालींचा एक मोठा आढावा आला. भारतात २००० साली २२ टक्के प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती. २०२२ साली हे प्रमाण जवळपास ५० टक्क्यांवर पोचलं. पुरुषांमध्ये ४२ टक्के, बायकांमध्ये ५७. ‘पुरेशी’ची अटही फार कडक नाही : आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल, किंवा ७५ मिनिटं जोरकस.

बावीस वर्षांत एवढ्या माणसांची इच्छाशक्ती एकाएकी आटली, असं कुणी म्हणेल का? या काळात दारात दुचाकी आली. दोन मजली वाड्याच्या जागी लिफ्टची इमारत उभी राहिली. बँकेची, विजेच्या बिलाची, रेल्वेच्या तिकिटाची रांग मोबाइलमध्ये गेली, भाजीसुद्धा दारात येऊ लागली. बसून करायच्या नोकऱ्या वाढल्या आणि नोकरीपर्यंतचं अंतरही वाढलं. चालायची जागा पार्किंगने खाल्ली. पूर्वी जी हालचाल कुणाला न विचारता दिवसात होऊन जायची, ती आता वेगळी वेळ काढून, वेगळे बूट घालून, निश्चय करून करावी लागते. आणि निश्चय ही गोष्ट दिवसभर थकलेल्या माणसापाशी संध्याकाळी फारशी उरत नाही.

लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असत. कंडक्टर तिकिटं देत रोज शेकडो पायऱ्या चढत-उतरत. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये स्पष्टपणे कमी निघालं. या कंडक्टरांनी व्यायामाचा संकल्प वगैरे काही केलेला नव्हता. जिना त्यांच्या कामातच होता. ज्या अभ्यासापासून व्यायाम आणि हृदय यांचं आधुनिक संशोधन सुरू झालं, त्याच्या मुळाशीच ही गोष्ट आहे, आणि सल्ले देताना आपण नेमकी तीच विसरतो.

आता खंडाविषयी. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं आणि त्यांच्या दमसासाची मोजणी केली. तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. ते आता पन्नाशीत होते. तेव्हा दिसलं असं की तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी खाली आणली होती, त्याहून जास्त ती तेव्हाच्या त्या तीन आठवड्यांनी आणली होती. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढत जाणारा व्यायाम दिला, चालणं, धावणं, सायकल असा. वयामुळे गेलेला दमसास त्यांनी परत मिळवला. पाच माणसांवरून जगाचा नियम काढता येत नाही हे खरं, पण पुढच्या कितीतरी मोठ्या अभ्यासांनी हीच दिशा दाखवली आहे. पूर्ण थांबणं फार महाग पडतं आणि परत येणं पन्नाशीतही शक्य असतं.

साठीनंतर थांबण्याची किंमत आणखी वाढते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. फक्त दहा दिवसांत, कोणताही आजार नसताना. आपल्याकडे आजीला ताप येऊन गेला की घर प्रेमाने म्हणतं, ‘आता महिनाभर उठायचं नाही, सगळं हातात देऊ.’ त्या महिन्यात काय जातं, हे कुणाला दिसत नाही. महिन्याने आजी उठते तेव्हा भिंतीला धरून उठते, आणि सगळे म्हणतात, वय झालं.

सवयीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. २१ दिवस सलग केलं की सवय लागते, असं फिरत्या निरोपांत नेहमी येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. त्यातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते वेगळंच : एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. ज्या बाईने गौरी-गणपतीचे दिवस घरचं सगळं उरकण्यात घालवले आणि म्हणून ‘माझं काही होत नाही’ असं ठरवून टाकलं, तिला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

यातून माझ्या मते एक साधी व्यवस्था निघते. व्यायाम दोन मापांचा ठरवावा : एक मोकळ्या दिवसाचा, एक अडचणीच्या दिवसाचा. मोकळ्या दिवशी काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. अडचणीच्या दिवसाचं मात्र कुणी आधी ठरवून ठेवत नाही, म्हणून त्या दिवशी शून्य होतं. पाहुणे घरात आहेत, बाहेर मुसळधार पाऊस आहे, झोप पाच तासांची झाली आहे, अशा दिवसासाठी पाच-सात मिनिटांचं काहीतरी ठरलेलं असावं. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं. भिंतीला तळवे टेकून दहा जोर. ओट्याला धरून टाचा उचलणं. आधार जवळ ठेवून एकेका पायावर थोडा वेळ उभं राहणं. आणि हे घड्याळाला न बांधता घरात रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधावं : चहाचं आधण ठेवल्यावर, कुकर लावल्यावर, संध्याकाळी दिवा लावल्यावर. पहाट कधी चुकते, चहा चुकत नाही. ज्यांना छातीत दुखतं, चक्कर येते, थोड्याशा श्रमाने धाप लागते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांना एवढ्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

‘एवढ्याने काय होणार?’ असं विचारलं जातं. पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींतही अट होती की हालचाल सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजे, तरच ती मोजायची. २०२० च्या शिफारशींतून ती अट काढून टाकली. कितीही थोडी हालचाल शून्यापेक्षा बरी, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. रोज दहा हजार पावलांचा जो आकडा सगळ्यांच्या मनगटावर दिसतो, तो १९६५ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. तो वैद्यकातला आकडा नव्हता. सरासरी ७२ वर्षांच्या जवळपास सतरा हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं आणि ७,५०० नंतर फायदा फारसा वाढलेला दिसला नाही. ज्या आजींना दहा हजार ऐकूनच हात टेकावेसे वाटतात, त्यांना साडेचार हजारांचं सांगितलं तर त्या निघतील. मोठा आकडा सांगून माणसाला घरात बसवण्यात कुणाचंच हित नाही.

चालण्याबद्दल मात्र एक तक्रार मला मनापासून करायची आहे. आपल्याकडे चाळिशीनंतरचा व्यायाम म्हणजे चालणं, हे समीकरण इतकं पक्कं झालं आहे की ताकदीचा व्यायाम हा तरुणांचा, दंड फुगवणाऱ्यांचा विषय होऊन बसला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगते आणि ६५ च्या पुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना यातलं किती जणांच्या कानांवर पडतं? ‘रोज चालत जा’ एवढ्या तीन शब्दांत सल्ला संपतो. गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, जेवणाआधी की नंतर, हे कागदावर लिहून मिळतं. व्यायामाला तेवढाही कागद मिळत नाही.

ताकदीचा प्रश्न आपल्यासाठी जास्तच गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराविषयी आयुष्यभर काम केलं. त्यांचं आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे कागदावर दोघे सारखेच सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो तेव्हाही आपल्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असण्याची शक्यता असते. रक्तातली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. ज्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, तिथे पन्नाशीच्या माणसाला फक्त चालायला सांगणं अपुरं आहे.

आणि उशीर झाला असं कधीच नसतं. बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी १९९० साली सरासरी ९० वर्षांच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना आठ आठवडे पायांना वजन देऊन व्यायाम करायला लावला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत. आपल्या घरातल्या पंच्याहत्तरीच्या वडिलांच्या हातातली पिशवी आपण धावत जाऊन घेतो. ते प्रेम मला कळतं. पण दोन किलो कांदे घेऊन पहिल्या मजल्यावर चढणं हा त्यांच्या दिवसातला ताकदीचा एकमेव व्यायाम असू शकतो. तो काढून घेण्याआधी त्यांना विचारावं तरी.

‘गुडघे गेलेत, म्हणून चालत नाही,’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. गुडघ्याच्या झिजेवर जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शनात पहिल्या उपायांमध्ये व्यायाम आहे, त्यातही मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद वाढवणारा. दुखतं म्हणून थांबायचं, थांबल्याने मांडी बारीक होते, बारीक मांडी गुडघ्याला सांभाळत नाही आणि मग आणखी दुखतं. हे चक्र तोडायला एक फिजिओथेरपिस्ट आणि सहा-आठ आठवडे लागतात. कितीतरी माणसं त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी तेलं, पट्टे आणि इंजेक्शनं यांच्यात वर्षं घालवतात.

याच्याशी जोडलेलं आणखी एक नुकसान आपण फार सहज होऊ दिलं. आपल्या आधीची पिढी दिवसातून अनेकदा जमिनीवर बसत होती आणि उठत होती : पंगतीला, भाजी निवडायला, पूजेला, पाहुणा आला तर सतरंजीवर. चूल उकिडवं बसून फुंकली जायची, शौचालयही तसंच. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जेवण टेबलावर आलं, स्वयंपाक ओट्यावर, शौचालय कमोडचं झालं. ओट्याने बायकांची कंबर वाचवली, धूर गेला, ते चांगलंच झालं. कुणालाही चुलीपाशी परत पाठवायचं नाही. पण दिवसातल्या त्या उठबशा गेल्या आणि त्यांच्या जागी काही आलं नाही. आज साठीतल्या अनेकांना जमिनीवर बसायची भीती वाटते, कारण उठता येईल याची खात्री नसते. ज्याला अजून बसता येतं, त्याने दिवसातून एक जेवण तरी खाली बसून करावं, असं मी आग्रहाने म्हणेन. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

महाराष्ट्राला सार्वजनिक व्यायामाची परंपरा आहे, आणि ती छोटी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. पुण्यात शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमधून घालून घेत. कोल्हापुरात पेठापेठांत तालमी. या सगळ्यांनी एक गोष्ट ओळखली होती : व्यायाम टिकायचा तर त्याला जागा हवी, वेळ हवी, शिकवणारा हवा आणि सोबत हवी. पण त्यातल्या तालमी आणि आखाडे मुख्यतः तरुण पुरुषासाठी उभे राहिले. पन्नाशीची बाई त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती. आज जिला त्या आधाराची सगळ्यांत जास्त गरज आहे, ती तीच आहे. पुरेशी हालचाल नसलेल्या बायकांच्या त्या ५७ टक्क्यांत ती आहे, आणि रजोनिवृत्तीनंतर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात तेव्हा वजन पेलणाऱ्या व्यायामाची गरजही तिलाच जास्त असते.

‘घरकाम हाच तिचा व्यायाम,’ असं अजूनही ठणकावून सांगणारे भेटतात. घरकाम म्हणजे हालचाल, हे मान्य. पण तासन्‌तास ओट्यापाशी उभं राहिल्याने पाय सुजतात, ताकद वाढत नाही. शेतात दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या बाईला तर कुणी व्यायाम सांगूच नये. तिला विश्रांती, पुरेसं अन्न आणि कंबरेवर उपचार यांची गरज आहे. हा लेख तिच्याबद्दल नाही. शहरातली आणि निमशहरी, घर-नोकरीत दिवस संपवणारी बाई मात्र थकते भरपूर आणि तिची ताकद वाढते शून्य. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला, असं नसतं. सकाळी सहा ते दहा डबे, शाळा, सासूबाईंची औषधं. संध्याकाळी पाच ते दहा अभ्यास, स्वयंपाक, उद्याची तयारी. जी घरी असते तिला श्वास घ्यायला मिळतो तो दुपारी साधारण बारा ते चार. आणि बऱ्याच शहरांत महापालिकेच्या बागा नेमक्या दुपारी बंद असतात.

हा मुद्दा किरकोळ नाही. बागेची वेळ ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सकाळी फिरायला येणारा निवृत्त गृहस्थ होता, असा याचा अर्थ मला वाटतो. त्या गृहस्थांचाही बागेवर हक्क आहेच. पण दाट झाडीची बाग दुपारी दोनला रस्त्यापेक्षा कितीतरी थंड असते. तिला कुलूप लावणं म्हणजे एका मोठ्या गटाला त्याच्या एकमेव मोकळ्या वेळी बाहेर ठेवणं. उन्हाळ्यातले दोन महिने सोडले तर बाग दुपारी उघडी ठेवायला एका रखवालदाराच्या पगाराखेरीज काय लागतं?

मग रस्ते. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. अशा रस्त्यावर सत्तरीच्या माणसाला ‘रोज चाला’ म्हणणं हा सल्ला अर्धवट आहे. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी तिथली गर्दी बघितली की लोकांना चालायचं असतं, याबद्दल शंका उरत नाही. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ केले तेव्हा म्हातारी माणसं तिथे बसलेली, चालताना थांबलेली दिसू लागली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वापरता येण्याजोगा पदपथ मिळणं हा पादचाऱ्याच्या घटनेच्या कलम २१ खालच्या, म्हणजे जगण्याच्या, हक्काचा भाग आहे. म्हणजे फूटपाथवर लावलेली गाडी, अर्धवट खणून ठेवलेला केबलचा खड्डा, दर वीस पावलांवर चढउतार करायला लावणारी गेटची उतरण, यांना आता नुसती गैरसोय म्हणून भागणार नाही. साठीच्या माणसाच्या व्यायामाच्या आड सगळ्यांत मोठी गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी पडण्याची भीती म्हणेन. ती भीती फूटपाथमधून येते, मनातून नाही.

उलट बाजूने लोक म्हणतात की ज्याला करायचं तो कुठेही करतो. सरकारकडे बोट दाखवणं ही त्यांच्या मते पळवाट आहे. पहाटे शिवाजी पार्कला, रंकाळ्यावर, पर्वतीवर, फुटाळ्याच्या काठी जमणारी माणसं दाखवून हे सांगितलं जातं. पण ती माणसं तिथे आहेत कारण ते मैदान, तो तलाव, ती टेकडी तिथे आहे. पुण्यातल्या टेकड्या बांधकामापासून वाचवायला नागरिक वर्षानुवर्षं झगडत आले आहेत, त्यात रोज टेकडीवर जाणारी वयस्क माणसं पुढे असतात. टेकडी गेली तर आपला व्यायाम जाईल, हे त्यांना नेमकं कळतं. पंढरीच्या वारीतही साठी-सत्तरीतली माणसं देहू-आळंदीपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतात. श्रद्धा त्यांना घरातून बाहेर काढते हे निर्विवाद. पण रोजचा मुक्काम ठरलेला असतो, दिंडीत जेवणाची सोय असते, सामान ट्रकमध्ये असतं, शेजारी ओळखीचं माणूस चालत असतं. एकट्या माणसाला तेवढंच अंतर महामार्गाच्या कडेने चालायला सांगून पाहा.

बदलापूर किंवा विरारहून रोज मुंबईला येणाऱ्या पन्नाशीच्या कर्मचाऱ्याला पहाटे पाचला उठून व्यायाम कर म्हणणं मला क्रूर वाटतं. त्याची झोप आधीच अपुरी आहे, आणि झोप कापून केलेला व्यायाम टिकत नाही. त्याच्या दिवसात पुलाचे जिने आहेत, स्टेशन ते ऑफिस अंतर आहे. त्याला रिक्षाच्या रांगेऐवजी चालता येईल असा रस्ता द्यावा. ऑफिसात दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं उठून फिरणाऱ्याकडे साहेबाने कामचुकार म्हणून पाहू नये. ताकदीचा व्यायाम त्याने शनिवार-रविवारी केला तरी आठवड्याचे दोन दिवस भरतात.

आता करायचं काय, यावर माझं म्हणणं नेमकं आहे. गेल्या काही वर्षांत नगरसेवक आणि आमदार निधीतून बागाबागांत लोखंडी व्यायाम-साहित्य बसवलं गेलं. त्यातलं बरंचसं काही वर्षांत मोडतं, आणि जे चालू असतं त्यावर कसं बसायचं हे सांगणारं कुणी नसतं. यापुढे त्या निधीचा काही भाग माणसांवर खर्च व्हावा. प्रत्येक प्रभागात शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला एक शिक्षक किंवा शिक्षिका नेमावी. आपल्याकडे अशा पदव्या घेतलेली, काम शोधणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत. जागा महापालिका शाळांच्या वर्गखोल्यांत आणि मैदानांत आहे, शाळा सुटल्यावर ती मोकळीच असते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, पाऊण तास, पंचेचाळीसच्या पुढच्यांसाठी ताकद आणि तोल यांचा वर्ग. एक वेळ दुपारची असलीच पाहिजे. पावसाळ्यात तो वर्ग खोलीत व्हावा, बंद पडू नये. जवळच्या सरकारी किंवा महापालिका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या आणि गुडघ्याच्या रुग्णाला औषधाच्या कागदावरच या वर्गाची वेळ लिहून द्यावी.

शुल्काचाही विचार वेगळा करावा लागेल. खासगी जिम वर्षाचे पैसे एकदम घेते, कारण तिचा हिशोब माणूस महिन्याभरात येणं बंद करील यावर चाललेला असतो. प्रभागातल्या या वर्गाचे पैसे आलेल्या दिवसापुरते, दहा-वीस रुपये असावेत. दिवाळी, लग्न, नातवाचं बारसं, पंधरा दिवसांचं दुखणं, या सगळ्यानंतर परत येणाऱ्या बाईला नव्याने नाव नोंदवावं लागू नये, थकबाकी विचारली जाऊ नये, आणि शिक्षकाने तिला पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्माच व्यायाम द्यावा. असा वर्ग एखाद्या प्रभागात सहा महिने चालवून पाहायला महापालिकेच्या अंदाजपत्रकात लागणारी रक्कम एका चौकाच्या सुशोभीकरणापेक्षाही कमी असेल.